चॅटवरचं इंग्रजी: शब्द साधे, वाक्य नरम

मराठी शाळेत शिकून मुंबईत नोकरीला लागलेली मुलं-मुली ऑफिसच्या चॅटवर अडखळतात ती व्याकरणामुळे नाही. एखादा काळ चुकला, एखादा “द” राहून गेला, तर समोरचा ते सहज सोडून देतो. अडतं ते सुरापाशी. एकतर मेसेज अर्ज वाटतो, नाहीतर हुकूम. “रिस्पेक्टेड सर, आय हम्बली रिक्वेस्ट यू टू काइंडली प्रोव्हाइड द फाइल” हे एक टोक. “सेंड द फाइल” हे दुसरं. दोन्हींत व्याकरणाची चूक नाही, आणि लिहिणाऱ्याच्या मनात दोन्ही वेळी आदरच असतो. पण पहिलं वाचून समोरच्याला अवघडल्यासारखं होतं आणि दुसरं वाचून वाटतं, हा कोण मला हुकूम सोडणारा?

नव्याने लागलेल्यांना ग्राहकांशी आणि परदेशातल्या सहकाऱ्यांशी चॅटवर बोलायला शिकवणं हे माझं काम आहे. डोंबिवली, भांडुप, लालबाग, विरारहून येणारी ही मुलं हुशार असतात, मेहनती असतात, आणि तरी पहिले काही महिने एकेक ओळ लिहून खोडत बसतात. त्यांच्यासाठी, आणि ऑफिसाबाहेरही इंग्रजीत चॅट करताना ज्यांचा अंगठा थबकतो त्या सगळ्यांसाठी, ही रीत पायरीपायरीने सांगते.

पायरी १: आदर कुठे बसतो ते ओळखा

ही पायरी नीट समजली की पुढच्या निम्म्या आपोआप सोप्या होतात, म्हणून इथे जरा वेळ काढा.

मराठीत आदर सर्वनामात असतो आणि क्रियापदाच्या शेवटी असतो. “पाठव” आणि “पाठवा” यांत फरक एका कान्याचा, पण “पाठवा” म्हटलं की मान राखला गेला. “कृपया” लावलं नाही तरी चालतं. इंग्रजीत “सेंड” हे एकच रूप आहे. तुमच्या मनात “साहेब, फाइल पाठवा” असतं, तुम्ही “सेंड द फाइल” लिहिता, आणि वाचणाऱ्याला ऐकू येतं “फाइल पाठव”. तो काना वाटेतच गळून पडतो.

इंग्रजीतही एके काळी तू आणि तुम्ही वेगळे होते. “दाउ” म्हणजे तू आणि “यू” म्हणजे तुम्ही. सतराव्या शतकात “दाउ” रोजच्या बोलण्यातून मागे पडत गेला आणि “यू” सगळ्यांसाठी उरला. म्हणजे टिकला तो आदराचाच शब्द, पण तो लहानथोर सगळ्यांना लागू झाल्यावर त्यातून आदर कळेनासा झाला. मग इंग्रजीने आदर वाक्याच्या घडणीतून दाखवायचा ठरवला.

तो दिसतो तीन ठिकाणी. पहिलं म्हणजे सांगण्याऐवजी विचारण्यात: “कॅन यू सेंड द फाइल?” दुसरं, “कॅन”च्या जागी “कुड” आणि “विल”च्या जागी “वुड” घालण्यात. तिसरं म्हणजे भूतकाळात: “आय वॉन्टेड टू आस्क यू समथिंग”, “आय वॉज वंडरिंग इफ यू कुड हेल्प”. हे तिसरं मुलांना विचित्र वाटतं. विचारायचं तर आत्ता आहे, मग “वॉन्टेड” कशाला? पण आपण मराठीत हेच करतो. “साहेब, जरा एक काम होतं तुमच्याकडे.” “काकू, थोडं विरजण हवं होतं.” काम आत्ताच आहे, विरजणही आत्ताच हवंय, तरी “होतं” म्हटल्याने मागणी मऊ होते आणि काकूंना नाही म्हणायला जागा राहते. तुमच्याकडे ही जाण आधीपासून आहे, फक्त ती इंग्रजीत वापरायची आहे.

“प्लीज”बद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. “प्लीज सेंड द फाइल” ही आज्ञाच आहे, पुढे प्लीज लावलेली. आपल्या टीममध्ये ती खुशाल वापरा. पण वरिष्ठांना किंवा ग्राहकाला काही मागायचं असेल तर “कुड यू प्लीज सेंड द फाइल?” असं लिहा. मराठीतला “तुम्ही” इंग्रजीत उतरतो तो “कुड यू” होऊन. “रिस्पेक्टेड”, “हम्बली”, “काइंडली” असे शब्द कितीही लादले तरी तो उतरत नाही.

पायरी २: समोर कोण आहे ते बघून थर निवडा

ढोबळमानाने इंग्रजीचे तीन थर धरा. एक औपचारिक: नोटीस, बँकेला लेखी तक्रार, राजीनामा. एक गप्पांचा: मित्र, भावंडं, कॉलेजचा ग्रुप. आणि या दोन्हींमधला तिसरा, ज्यात ऑफिसचं बहुतेक चॅट, ग्राहकाशी बोलणं, अनोळखी माणसाला पाठवलेला पहिला मेसेज असं सगळं बसतं. नवख्याने मुक्काम या मधल्या थरात ठेवावा, असं माझं ठाम मत आहे. इथून कुठल्याही बाजूला सरकायचं झालं तर अंतर थोडं असतं, आणि अंदाज चुकला तरी कुणी दुखावत नाही.

कॅनडा-ऑस्ट्रेलियाला जायच्या तयारीत असलेल्यांना हा विषय परीक्षेतही भेटतो. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या जनरल ट्रेनिंग प्रकारात लेखनाचा पहिला प्रश्न किमान १५० शब्दांच्या पत्राचा असतो, आणि पत्र मित्राला आहे, घरमालकाला आहे की कंपनीला, यावरून सूर ठरवावा लागतो. मित्राला लिहिताना “आय ॲम रायटिंग टू इन्फॉर्म यू” केलंत तर तिथेही ते खटकतं.

थर ओळखायचा साधा उपाय म्हणजे समोरचा तुम्हाला कसं लिहितो ते बघणं. त्याने “हाय” आणि तुमचं नाव लिहिलं असेल तर तुम्हीही “हाय” आणि त्याचं नाव लिहा. त्याने मेसेजखाली नुसतं पहिलं नाव टाकलं असेल तर तीच हाक मारायची परवानगी आहे असं समजा. पहिला मेसेज तुमच्याकडून जाणार असेल तर किंचित वरचा सूर धरा, आणि उत्तर आलं की त्या सुराला सूर मिळवा.

वयाने मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायला आपली जीभ रेटत नाही, हे मी रोज बघते. मग मुलं मधला मार्ग काढतात: “मिस्टर डेव्हिड”. हे तिकडे कानाला विचित्र लागतं, कारण “मिस्टर” आडनावाला लागतो, पहिल्या नावाला नाही. ब्रिटिश आणि अमेरिकन ऑफिसांत बहुतेक ठिकाणी पहिलं नाव हीच रीत आहे. आदर आपण “कुड यू”मध्ये ठेवला आहे, त्यामुळे “हाय डेव्हिड” म्हटल्याने तो कमी होत नाही. मुंबईतल्या साहेबांचं मात्र वेगळं. तुमच्या ऑफिसात सगळे “सर” म्हणत असतील तर तुम्हीही म्हणा. तिथे एकट्याने नावावर यायची घाई नको.

पायरी ३: जड शब्द उतरवून ठेवा

१०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि त्यानंतर कित्येक पिढ्या दरबाराची भाषा फ्रेंच राहिली. कायदा, कारभार, पांडित्य यांचे शब्द फ्रेंच आणि लॅटिनमधून आले. घरातले, शेतातले, बाजारातले शब्द जुन्या इंग्रजीतलेच राहिले. त्यामुळे एका अर्थाला दोन-दोन शब्द झाले. “आस्क” आणि “इन्क्वायर”, “बाय” आणि “पर्चेस”, “हेल्प” आणि “असिस्ट”, “स्टार्ट” आणि “कमेन्स”, “टेल” आणि “इन्फॉर्म”, “नीड” आणि “रिक्वायर”. जोडीतला पहिला शब्द बोलण्यातला, दुसरा कागदावरचा. आपल्याकडेही “पाणी” असतं आणि “जल” असतं, “डोळे” असतात आणि “नेत्र” असतात. घरी कुणी “मला जल दे” म्हणत नाही.

पण आपल्या शाळांतलं इंग्रजी वळण कागदाचं आहे. महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधी ते पाचवीपासून असायचं. इयत्ता अलीकडे आली तरी पत्रलेखनाचा साचा बराचसा तोच राहिला: “विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट”. मोठा शब्द लिहिला की गुण मिळतात, हे मनात इतकं पक्कं बसतं की चॅटवरही “मीटिंग विल कमेन्स ॲट फोर” येतं. “वी’ल स्टार्ट ॲट फोर” पुरेसं आहे.

यातला खरा अवघड भाग म्हणजे दोन-तीन शब्दांची क्रियापदं: “लुक इन्टू”, “गेट बॅक टू”, “पुट ऑफ”, “फाइंड आउट”, “फिल इन”. बोलीभाषेचा सगळा भार यांच्यावर असतो आणि सुट्या शब्दांवरून अर्थ लागत नाही. याद्या पाठ करून हे येत नाही, हे मी खात्रीने सांगू शकते. क्रियापदाऐवजी अख्खं वाक्य उचला, जे रोज लागणार आहे. “आय’ल लुक इन्टू इट”, म्हणजे काय झालंय ते बघते. “आय’ल गेट बॅक टू यू बाय फोर”, म्हणजे चारपर्यंत कळवते. “कॅन वी पुश इट टू मंडे?”, म्हणजे सोमवारवर ढकलूया का. “लेट मी चेक.” अशी आठ-दहा वाक्यं हाताशी असली की दिवसाचं बरंच चॅट निभावतं.

पायरी ४: एक मेसेज हातात घेऊन दुरुस्त करूया

समजा, तुम्ही बेलापूरला एका मालवाहतूक कंपनीत आहात. न्हावाशेव्याला कंटेनर येतोय आणि इंग्लंडमधल्या फेलिक्सस्टो बंदरातल्या ऑफिसातून बिल ऑफ लेडिंगची, म्हणजे जहाजावर चढवलेल्या मालाच्या कागदाची, प्रत अजून आलेली नाही. तिथल्या सहकारी एमाताईंना तुम्ही लिहिता:

“रिस्पेक्टेड मॅडम, गुड आफ्टरनून. होप यू आर डूइंग वेल. धिस इज टू इन्फॉर्म यू दॅट द बिल ऑफ लेडिंग कॉपी इज नॉट यट रिसीव्ह्ड बाय अस. यू आर रिक्वेस्टेड टू काइंडली डू द नीडफुल ॲट द अर्लिएस्ट.”

वरून खाली येऊया. “रिस्पेक्टेड मॅडम”च्या जागी “हाय” आणि त्यांचं नाव. तुमच्याकडे दुपार असली तरी त्यांच्याकडे सकाळ आहे, त्यामुळे “गुड आफ्टरनून” नको. “होप यू आर डूइंग वेल” मेलमध्ये शोभतं. चॅटवर बऱ्याच दिवसांनी बोलत असाल तरच लिहा, रोज नको. “धिस इज टू इन्फॉर्म यू दॅट” अख्खं काढा, कारण तुम्ही लिहिताय म्हणजे कळवताच आहात.

मग येतं “इज नॉट यट रिसीव्ह्ड बाय अस”. मराठीत “प्रत मिळालेली नाही” ही अगदी सहज रचना आहे, म्हणून इंग्रजीतही आपण तशीच उलटी बांधणी करतो. “वी हॅवंट गॉट द कॉपी यट” हे सरळ आहे आणि कोणाला काय मिळालं नाही ते लगेच कळतं.

सगळ्यात मोठी अडचण शेवटच्या वाक्यात आहे. “डू द नीडफुल” म्हणजे नेमकं काय करायचं, आणि “ॲट द अर्लिएस्ट” म्हणजे कधी? सगळं आदबशीर आहे, पण एमाताईंच्या हाती काहीच लागत नाही. काय हवं, कधीपर्यंत हवं आणि का हवं, हे तिन्ही सांगा:

“हाय एमा, वी हॅवंट गॉट द बिल ऑफ लेडिंग कॉपी यट. कुड यू सेंड इट बाय इलेव्हन युअर टाइम? द कस्टम्स ब्रोकर नीड्स इट टुडे. थँक्स!”

यात एकही भारदस्त शब्द नाही, तरी मेसेज नम्र आहे. विचारलं आहे, वेळ त्यांच्या घड्याळाप्रमाणे दिली आहे, कारण सांगितलं आहे, शेवटी आभार मानले आहेत. आणि आपल्याकडे सगळे “सीएचए” (कस्टम हाउस एजंट) म्हणत असले तरी इथे “कस्टम्स ब्रोकर” लिहिलं, कारण ते अक्षरी नाव तिकडे कळेलच असं नाही.

हाच निरोप शेजारच्या टेबलवरच्या मैत्रिणीला “हे, एनी न्यूज ऑन द बीएल?” एवढाच जाईल. आणि शिपिंग कंपनीला लेखी कळवायचं झालं तर “वी हॅव नॉट यट रिसीव्ह्ड” असं पूर्ण रूप, शिपमेंटचा नंबर आणि तारखेत महिन्याचं नाव अक्षरात. ०५/०६ लिहिलंत तर अमेरिकेतला माणूस ६ मे वाचेल आणि तुम्ही ५ जूनची वाट बघत बसाल.

पायरी ५: जोडलेली रूपं वापरायला घाबरू नका

“आय ॲम”चं “आय’म”, “डू नॉट”चं “डोंट”, “आय विल”चं “आय’ल”. ही आळशी रूपं आहेत असं अनेकांना वाटतं. तसं नाही. चॅटवर पूर्ण रूपच ठासून बोलल्यासारखं वाटतं. “आय डू नॉट नो” वाचताना “नॉट”वर जोर पडतो आणि लिहिणारा वैतागलाय असं वाटतं. “आय डोंट नो” बरं, पण ग्राहकाला तेही तुटक लागतं. “आय’म नॉट शुअर, लेट मी चेक” हे सगळ्यात चांगलं.

“गोना” आणि “वॉना” मित्रांपुरते ठेवा. आणि एक बारकावा: “गोना”नंतर क्रियापदच येतं. “आय’म गोना कॉल यू” बरोबर. “आय’म गोना दादर” कधीच नाही. तिथे “आय’म गोइंग टू दादर”.

“इट्स” वरच्या स्वल्पविरामासारख्या खुणेसकट लिहिलं तर अर्थ “इट इज”. खूण नसेल तर अर्थ “त्याचं”. फोनचा कीबोर्ड इथे हमखास घोळ घालतो, पाठवण्याआधी एकदा बघा.

पायरी ६: मुंबईत चालतं, बाहेर अडतं

भारतीय इंग्रजी ही कमी दर्जाची भाषा नाही, हे आधी सांगते. “प्रीपोन” आपण वापरात आणला आणि तो ऑक्सफर्डच्या शब्दकोशात गेला. प्रश्न फक्त समोरच्याला कळण्याचा आहे. “आय’ल रिव्हर्ट”मधून आपल्याला उत्तर देते असं म्हणायचं असतं. तिकडे त्या शब्दाचा मूळ अर्थ पूर्वस्थितीला जाणं असा आहे. “रिप्लाय” म्हणा किंवा “गेट बॅक टू यू” म्हणा. “आय हॅव अ डाउट”मध्ये आपल्याला साधी शंका विचारायची असते, पण परदेशी माणसाला वाटतं की आपला विश्वास बसत नाहीये; “आय हॅव अ क्वेश्चन” लिहा. “आय पास्ड आउट इन २०२३” वाचून तो घाबरेल, कारण तिकडे त्याचा अर्थ बेशुद्ध पडणं. “आय ग्रॅज्युएटेड इन २०२३” लिहा. “पीएफए” (प्लीज फाइंड अटॅच्ड) आणि “आउट ऑफ स्टेशन” भारताबाहेर फारसे कुणाला माहीत नाहीत. लाख आणि कोटीही तिकडे पोचत नाहीत. दहा लाख म्हणजे एक मिलियन. “आय’म इन ठाणे ओन्ली”मधला “ओन्ली” हा आपला “ठाण्यातच”मधला “च” आहे. तो काढून टाका, वाक्याचं काही बिघडत नाही.

शब्दांहून जास्त गोंधळ होतो तो हो-नाहीचा. कुणी विचारलं, “फाइल आली नाही का?” आणि आली नसेल, तर आपण म्हणतो, “हो, नाही आली.” आपण प्रश्नातल्या म्हणण्याला होकार देतो. इंग्रजीत मात्र होकार-नकार वस्तुस्थितीला असतो. “डिडंट यू गेट द फाइल?” याला नसेल मिळाली तर उत्तर “नो, आय डिडंट”. तिथे तुम्ही नुसतं “येस” टाकलंत की फाइल मिळाली असं समजून समोरचा कामाला लागतो किंवा घरी निघून जातो. नकारार्थी प्रश्नाला एका शब्दात उत्तर द्यायचंच नाही, पूर्ण वाक्य लिहायचं, असा नियम मी मुलांना घालून देते.

दुसरी गोष्ट नकाराची. “बघतो”, “प्रयत्न करतो” म्हणून आपण तोंडावर नाही म्हणायचं टाळतो, आणि मराठी माणसाला ते बरोबर कळतं. “आय’ल ट्राय” मात्र परदेशी सहकारी बहुधा होकारच समजतो. जमणार नसेल तर काय जमेल ते सांगा: “आय कांट डू इट टुडे, बट आय कॅन सेंड इट बाय नून टुमॉरो.” हा उद्धटपणा नाही. त्याला पुढची आखणी करायची असते, आणि तुमच्या स्पष्ट नकाराने ती त्याला करता येते.

आणि “डिअर”. मेलच्या सुरुवातीला नावासोबत तो ठीक आहे. चॅटवर अनोळखी बाईला “हॅलो डिअर” लिहिणं हे सलगी समजलं जातं. लिहिणाऱ्याच्या मनात काही वावगं नसतं, तरी समोरची व्यक्ती तिथेच बोलणं थांबवते. नाव माहीत नसेल तर नुसतं “हाय” किंवा “हॅलो देअर” पुरतं.

पायरी ७: पूर्णविराम, मोठी अक्षरं आणि नुसतं “हाय”

अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली एक बाब दाखवून दिली. विद्यार्थ्यांना मेसेज वाचायला दिले. एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम असेल तर ते उत्तर त्यांना कमी मनापासूनचं वाटलं. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत मात्र तसा फरक पडला नाही. म्हणजे “ओके” पुढचा तो बारीकसा ठिपकाही चॅटवर बोलतो. लांब वाक्यांना विराम द्या, एका शब्दाच्या उत्तराला नको. नुसता “के” तर नकोच. “शुअर”, “गॉट इट”, “विल डू” वापरा. “नोटेड”ही कोरडा वाटतो.

सगळी अक्षरं मोठी लिहिली की ओरडल्यासारखं होतं. दोन-तीन प्रश्नचिन्हं लागोपाठ टाकली की जाब विचारल्यासारखं. वाक्यामागे टिंबं-टिंबं टाकायची आपल्या वडीलधाऱ्यांची सवय असते. तरुण परदेशी वाचकाला त्यात नाराजी दिसते.

आणि कृपा करून नुसतं “हाय” पाठवून वाट बघू नका. आपल्याला वाटतं आधी हाक मारावी, त्याने ओ दिली की काम सांगावं. समोर तोंडातोंडी ते सभ्यच आहे. पण चॅटवर समोरचा काम सोडून बघतो आणि तिथे काहीच नसतं. हाय आणि काम एकाच मेसेजमध्ये लिहा.

“ईओडी”, म्हणजे दिवसअखेर, लिहिताना कोणाचा दिवस ते सांगा. लंडन आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेपाच तास मागे असतं आणि उन्हाळ्यात साडेचार. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं बदलतात. “एएसएपी”, म्हणजे लवकरात लवकर, वरिष्ठांना लिहू नका, तो दम दिल्यासारखा लागतो. घाईत काही चुकलंच तर व्हॉट्सॲपवर मेसेज पाठवल्यापासून १५ मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतो.

पायरी ८: गप्पा मारताना

इथे नियम कमी आणि कान जास्त. “हाउज इट गोइंग?” हा तब्येतीचा प्रश्न नाही, आपलं “काय, कसं काय?” आहे. “गुड, थँक्स! यू?” इतकंच उत्तर द्यायचं; सर्दीचा सगळा इतिहास नको. “वॉट्स अप?”ला “नॉट मच, यू?” “बीटीडब्ल्यू” (बाय द वे), “एफवायआय” (फॉर युअर इन्फर्मेशन) ऑफिसातही चालतात, “एलओएल” आणि “ओएमजी” मित्रांपुरते. “एलओएल” म्हणजे हसणं. त्याला खूप प्रेम समजून कुणाच्या दुःखाच्या बातमीखाली टाकू नका. ज्या संक्षेपाचा अर्थ माहीत नाही तो दुसऱ्याने वापरला म्हणून उचलू नका, आणि मुंबईतला “यार”, “ना”, “बॉस” मुंबईतल्याच मित्रांसाठी ठेवा. तिथे तो हवाच.

पायरी ९: जिथे औपचारिकच हवं

राजीनामा, पगाराची किंवा छळाची तक्रार, लीव्ह अँड लायसन्सवर घेतलेली जागा सोडायची नोटीस, बँकेशी वाद: हे चॅटवर सांगून संपवू नका. चॅटवर फार तर “आय’व्ह सेंट यू ॲन ईमेल अबाउट धिस” लिहा आणि मेल किंवा पत्र नीट पाठवा. तिथे जोडरूपं नकोत, तारीख आणि क्रमांक हवेत. ब्रिटिश रिवाजाप्रमाणे “डिअर सर ऑर मॅडम”ने सुरुवात केली तर शेवट “युअर्स फेथफुली”, आडनाव लिहिलं असेल तर “युअर्स सिन्सिअरली”. आणि इथेही “आय बेग टू स्टेट” नको. औपचारिक लिहिताना पूर्ण आणि नेमकं लिहायचं, गयावया करायची नाही.

पायरी १०: सराव

एक वही करा किंवा फोनवर नोट उघडा. ज्यांचं चॅटवरचं इंग्रजी तुम्हाला आवडतं त्यांची वाक्यं जशीच्या तशी टिपून ठेवा, कुणाला आणि कशासाठी लिहिलं होतं त्यासकट. लोकलमध्ये बसायला मिळालं की दिवसभरात पाठवलेला एक मेसेज घ्या आणि तो तिघांना लिहा: मैत्रिणीला, परदेशी सहकाऱ्याला, बँकेच्या मॅनेजरला. कागदावर जे नम्र वाटतं ते ओठांतल्या ओठांत वाचून बघा. जिथे श्वास पुरत नाही तिथे वाक्य तोडा.

भाषांतराचं किंवा लिहून देणारं ॲप वापरत असाल तर वापरा, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण त्याला नुसतं “हे इंग्रजीत कर” सांगू नका. कोणाला लिहायचंय, किती ओळखीचं आहे, किती लहान हवं ते सांगा, नाहीतर ते पुन्हा अर्जावर जातं. आणि त्याने दिलेल्या वाक्यातला जो शब्द तुम्ही तोंडाने कधी उच्चारणार नाही तो बदला.

समोरच्याचं बोलणं कळलं नाही तर गप्प राहून अंदाज बांधू नका. विशेषतः ब्रिटिश सहकारी आडून बोलतात. “दॅट्स इंटरेस्टिंग, बट...” यातून त्यांना बहुतेक वेळा नकोच म्हणायचं असतं. एखादा वाक्प्रचार अडला तर “सॉरी, व्हॉट डू यू मीन बाय दॅट?” असं विचारलं की कुणी हसत नाही, उलट समजावून सांगतात. पूर्ण मेसेजच कळला नाही तर “जस्ट टू कन्फर्म, यू वॉन्ट मी टू...” म्हणून तुम्हाला जे समजलं ते लिहा आणि त्याच्याकडून खात्री करून घ्या. ही दोन्ही वाक्यं फोनच्या कीबोर्डमध्ये शॉर्टकट म्हणून साठवता येतात. गूगलच्या जीबोर्ड कीबोर्डमध्ये सेटिंग्ज उघडून डिक्शनरी, मग पर्सनल डिक्शनरीत जा, वाक्य आणि त्याची दोन अक्षरी खूण लिहा. पुढच्या वेळी ती दोन अक्षरं टाइप केली की अख्खं वाक्य कीबोर्डवर समोर येतं.